मेनफ्रेमवर कुठलं लिनक्स टाकू?

प्रश्न : दादा, मी बडोद्याचा, दांडिया बाजारात राहतो. आमच्या कंपनीत आयबीएमचं झेड१३ मॉडेलचं मेनफ्रेम, म्हणजे कंपन्यांचा मोठा संगणक, आहे, त्यावर लिनक्स टाकायचंय. कुठली डिस्ट्रो, म्हणजे लिनक्सचा कुठला तयार प्रकार घेऊ : रेड हॅट, सुसे की उबुंटू? साहेब म्हणतात फुकटवालं टाका.

उत्तर : अहो, साहेबांना आधी चहा पाजा आणि मशीनचं मॉडेल दाखवा, कारण रेड हॅट ९ ला कमीत कमी झेड१४ लागतं, तुमच्याकडे ते चालणारच नाही, ८ चालेल. मग डेटाबेसवाल्यांना विचारा की तुमचं सॉफ्टवेअर एस३९०एक्ससाठी, म्हणजे मेनफ्रेमच्या प्रोसेसरसाठी, मिळतं का आणि ते कुठल्या डिस्ट्रोवर सपोर्ट देतात, आणि हे मेलवर लेखी घ्या हां, कारण इंटेलवरचा, म्हणजे साध्या पीसीवरचा, प्रोग्राम तसाच उचलून आणलात तर स्क्रीनवर ‘एक्झेक फॉरमॅट एरर’ येऊन गप्प बसतो. माझं विचाराल तर सुसे, २००० पासून मेनफ्रेमवर आहे, मुरलेलं लोणचं म्हणा ना. उबुंटू २०१६ ला १६.०४ पासून आलं, तेही वाईट नाही. डेबियन फुकट आहे, चालतंही, पण रात्री दोनला अडकलं तर फोन कुणाला लावणार, साहेबांना? आणि लिनक्ससाठीचे आयएफएल प्रोसेसर नेहमीच्यांपेक्षा स्वस्त पडतात, पैसे तिथे वाचवा.