अडीच महिन्यांच्या बाळाला आरएसव्ही झालाय, पण डॉक्टर अँटिबायोटिक देत नाहीत. हे बरोबर आहे का?

बरोबर आहे, ताई. आरएसव्ही हा छातीत, श्वासनळ्यांत उतरणारा सर्दीसारखा विषाणू आहे, त्याच्यावर अँटिबायोटिक चालत नाही. गेल्या जानेवारीत आम्ही इंदूरला यातूनच गेलो. थोरलीनं शाळेतून सर्दी आणली आणि चार दिवसांत तीन महिन्यांच्या धाकट्याची छाती वाजायला लागली.

मी नुसता खोकला ऐकत बसले, ती चूक तुम्ही करू नका. श्वास बघा. बाळ शांत असताना झबलं वर करून, घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट मोजा. दोन महिन्यांवरच्या बाळाचा श्वास मिनिटाला 50 किंवा त्याहून जास्त असेल तर लगेच दाखवा. बरगड्यांखाली खळगा पडतोय का, नाकपुड्या फुलतायत का, तेही बघा. आमचा दोन घोट ओढायचा, सोडून द्यायचा, धापा टाकायचा, पुन्हा तोंड लावायचा. दूध निम्म्यावर आलं, सहा-आठ तास लंगोट कोरडा राहिला, ओठ निळसर दिसले किंवा श्वास मधेच थांबला, तर रात्र-अपरात्र न बघता निघा. आम्ही तसेच निघालो. दोन दिवस ऑक्सिजन आणि नळीनं दूध, उपचार एवढाच होता.

घरी सगळं लक्ष नाकाकडे द्या, कारण एवढी लहान बाळं नाकानंच श्वास घेतात. पाजण्याआधी सलाइनचे दोन-दोन थेंब घाला, जरा थांबून हलकेच शेंबूड ओढून काढा, मग थोडं थोडं, पण वरचेवर पाजा. साधारण तिसऱ्या ते पाचव्या दिवशी जोर असतो. खोकला पुढे दोन-तीन आठवडेही रेंगाळतो.

कफ सिरप अजिबात नको. 2025 साली आपल्याच छिंदवाड्यात विषारी सिरपनं लेकरं गेली. वर्षाच्या आत मधाचं बोटही नको. आणि धुरी बंद! सासूबाई वेखंड-ओव्याच्या धुरीवर अडून होत्या. डॉक्टरांनी त्यांनाच समोर बसवून धुरानं श्वासनळी कशी सुजते ते समजावलं. घरी आल्यावर शेगडी त्यांनीच माळ्यावर टाकली.

थोरलीला हात धुतल्याशिवाय बाळाजवळ येऊ देऊ नका, पाहुण्यांना पापे घेऊ देऊ नका. अमेरिकेत 2023 पासून गरोदर आईसाठी आरएसव्हीची लस आणि बाळासाठी निर्सेव्हिमॅबचं, म्हणजे या विषाणूविरुद्धच्या तयार प्रतिपिंडांचं, इंजेक्शन आहे. पुढच्या खेपेचा विचार असेल तर आपल्याकडे काय मिळतं ते डॉक्टरांना आधीच विचारून ठेवा. आज मात्र आधी श्वास मोजा आणि आकडा वेळेसकट लिहून ठेवा, डॉक्टर तोच विचारतील.