पिकअपच्या मागच्या ॲक्सलला ॲल्युमिनियमचं डिफरन्शियल कव्हर लावलं तर ऑइल खरंच थंड राहतं का?

तुम्ही डेन्व्हरहून डोंगरात कॅम्पर (मागे जोडायचं चाकांवरचं घर) ओढून नेता आणि पत्र्याचं मूळ कव्हर काढून फिनवालं, म्हणजे बाहेरून उभ्या पट्ट्या असलेलं जाड कव्हर लावावं का, असं विचारताय. थंडाव्यासाठी लावू नका. हा खर्च मी करून बसलोय.

डिफरन्शियल म्हणजे इंजिनाची ताकद दोन्ही चाकांत वाटणारा गिअरांचा संच. आधी त्याच्या आत काय चालतं ते बघा. गाडी पुढे जाताना क्राउन (आतला मोठा गिअर) चाकांच्याच दिशेने फिरतो, म्हणजे त्याचा तळ मागे सरकतो आणि माथा पुढे. तळातलं ऑइल दातांबरोबर उचललं जातं, कव्हरच्या आतल्या गोलाईवरून वर चढतं आणि माथ्यावरून पुढे पिनियनच्या (क्राउनला फिरवणाऱ्या लहान गिअरच्या) बेअरिंगांकडे फेकलं जातं. तिथे पंप वगैरे काही नाही, त्या बेअरिंगांचं पोट या फेकलेल्या ऑइलवरच भरतं. म्हणून ती वाटीसारखी गोलाई महत्त्वाची. पाठ सपाट असलेलं कव्हर लावलं की ऑइलची धार त्यावर आदळून फुटते, ऑइलमध्ये हवा मिसळते, फेस होतो. कॅलिफोर्नियातले गेल बँक्स यांनी चाचण्या करून हे व्हिडिओत दाखवलंय. ते स्वतः कव्हर विकतात हे ध्यानात ठेवा, पण मुद्दा बरोबर आहे.

आता थंडावा. ॲल्युमिनियममधून उष्णता पोलादापेक्षा कितीतरी लवकर बाहेर येते, हे खरं. पण ती पुढे न्यायला वारा हवा, आणि मागच्या ॲक्सलचं कव्हर असतं हाउसिंगच्या, म्हणजे हे गिअर ज्यात बसतात त्या पेटीच्या, आडोशाला. माझ्या कव्हरमध्ये दीड लिटर ऑइल जास्त मावायचं. मूळ कव्हर असताना ओढायचो त्याच कॅम्परसह निघालो, तर वाटेतल्या आयडाहो स्प्रिंग्ज गावापर्यंत तापमानाचा काटा खरोखर हळू चढला. मला फार आनंद झाला. पण 3,400 मीटरवरच्या आयझेनहॉवर बोगद्याशी पोचलो तेव्हा आकडा जवळपास जुन्याइतकाच होता. जास्त ऑइल तापायला वेळ घेतं, एवढंच.

कराडला वडिलांच्या गॅरेजात असलं कव्हर मी कधी पाहिलं नाही. तिकडच्या मोठ्या ट्रकांच्या हाउसिंगची पाठ वेल्ड केलेली असते, क्राउन-पिनियन पुढून काढतात. वडील जुनं ऑइल दोन बोटांत चोळून उजेडात धरायचे. नुसती करडी चमक असली तर ठीक, कण टोचला तर बेअरिंग उघडायचंच. तुम्हीही कव्हरच्या पैशांत ऑइल वेळेआधी बदला, मॅन्युअलमध्ये दिलेल्या ग्रेडचंच घाला आणि ब्रीदरची नळी (आतली तापलेली हवा बाहेर सोडणारी) चिखलाने तुंबली नाही ना ते बघा. ओझं ओढणाऱ्या गाडीला याचा फायदा नक्की होतो.

ड्रेन प्लग हवा असेल किंवा खडकाळ रस्त्यावर पत्रा चेपायची भीती असेल, तर नवं कव्हर जरूर घ्या, मात्र आतून गोल असलेलं. आणि जुनं काढण्याआधी गाडी सपाट जागेवर उभी करून ऑइलची मूळ पातळी हाउसिंगवर मार्करने आखून ठेवा. काही कव्हरांचं भरायचं भोक मूळ जागेपेक्षा वर असतं. तिथपर्यंत भरलंत तर क्राउन जास्त ऑइल घुसळतो, त्यानेच ते आणखी तापतं आणि ब्रीदरमधून किंवा चाकाच्या सीलमधून बाहेर येऊ लागतं. माझ्या उजव्या चाकाचे ब्रेक पॅड असेच ऑइलने भिजून टाकून द्यावे लागले.