दसऱ्याच्या आधी गाठ लेकरांना

प्रिय मुली,

बीडच्या डीईआयसीत, म्हणजे लहान मुलांमधले दोष लवकर ओळखून उपचार करणाऱ्या जिल्हा केंद्रात, स्पीच थेरपिस्ट म्हणून रुजू झालीस, फार बरं वाटलं.

कॉक्लियर इम्प्लांटचा, म्हणजे बहिऱ्या लेकराच्या कानात ऑपरेशन करून बसवायच्या ऐकण्याच्या यंत्राचा खर्च गरिबाला पेलत नाही, पण अपंगांना साधनं देणाऱ्या केंद्राच्या एडिप योजनेतून ऑपरेशन होऊ शकतं. आरबीएसके या सरकारी बाल आरोग्य कार्यक्रमाची पथकं अंगणवाड्यांत लेकरं तपासतात. तरी लेकरू उशिराच येतं. ‘याचा बापही उशिराच बोलला’ म्हणत घरचे थांबतात आणि जन्मतः बहिऱ्या मुलासाठी योजनेत असलेली पाच वर्षांची वयोमर्यादा निघून जाते. हे वाक्य कानावर पडलं की बेरा, म्हणजे झोपलेल्या लेकराचीही करता येणारी ऐकण्याची तपासणी, लांबवू नकोस.

पण मला जास्त काळजी ऑपरेशन झालेल्या लेकरांची वाटते. इम्प्लांटचं कानाबाहेरचं मशीन सुरू झालं की लगेच बोलणं येत नाही. सुरुवातीला त्याला नुसता गलका ऐकू येतो. मॅपिंग (लेकराला नीट ऐकू यावं म्हणून मशीन जुळवणं) आणि रोजचा सराव वर्षानुवर्षं चालला, तर त्या गलक्यातून ‘आई’ वेगळं निघतं. नेमका तो सराव दसरा-दिवाळीत तुटतो. ऊसतोडीसाठी उचल (आगाऊ पैसे) घेतलेली असते, तोडणीची टोळी साखर कारखान्यावर निघते, लेकरू सोबत जातं. थेरपी चुकली म्हणून त्या आईला बोलू नकोस. तिच्या हातात काही नसतं.

त्यापेक्षा दसऱ्याच्या आधी अशा घरांची यादी कर आणि निघण्याआधी प्रत्येकाला बोलावून घे. आईला सहा आवाज शिकव: आ, ई, ऊ, म, श, स. रोज सकाळी पदरानं तोंड झाकून तिनं ते म्हणायचे आणि लेकरानं प्रत्येकाला हात वर करायचा. ‘स’ला हात वर झाला नाही, तर आधी सेल बदलायचा, मग वायर बघायची, तरी नाही तर तुला फोन. तिकडच्या कोपीत, म्हणजे ऊसतोड मजुरांच्या झोपडीत, वीज असेलच असं नाही. मशीनला चालत असतील तर वापरून टाकायचे सेल बरोबर दे. महागाची वस्तू हरवेल म्हणून मशीन पेटीत कुलपात ठेवणारी घरं मी पाहिलीत. ते दोरीनं झबल्याला कसं अडकवायचं, हे दाखवूनच पाठव. आजी गावात राहणार असेल आणि लेकरू तिच्यापाशी थांबणार असेल, तर हे सगळं आजीलाच शिकव. भाकरी थापताना ती लेकराशी बोलत राहिली, तरी खूप सराव होतो.

कारखान्याजवळ थेरपिस्ट शोधायचा असेल तर गावाचं नाव कळव. सांगली, कोल्हापूरकडच्या माझ्या ओळखीच्यांना मी फोन करते.

तुझी,
मॅडम