वाचकांचे प्रश्न : ॲडव्हेंचर टूरिंग मोटरसायकलचे टायर बदलताना

प्रश्न : माझ्याकडे मोठ्या इंजिनाची ॲडव्हेंचर टूरिंग मोटरसायकल आहे. तिचे पुढचे चाक १९ इंची आणि मागचे १७ इंची आहे. मागचा टायर मधोमध सपाट झाला असून पुढच्याचीही नक्षी उतरत आली आहे, म्हणून दोन्ही टायर एकदमच बदलायचे ठरवले आहे. माझा बहुतेक प्रवास डांबरी रस्त्यांवर होतो. पुष्कळदा पत्नी मागे बसलेली असते आणि दोन्ही बाजूंच्या पेट्या भरलेल्या असतात. वर्षातून एक-दोनदा खडीचा किंवा मातीचा कच्चा रस्ता लागतो, क्वचित चिखलही लागतो. मित्र म्हणतात, ‘५०-५०’ प्रकारचे बटण टायर (सुट्या, उंच ठोकळ्यांच्या नक्षीचे) घ्या. विक्रेता मात्र ‘८०-२०’ सुचवतो. मी कोणाचे ऐकावे?

उत्तर : ‘५०-५०’, ‘८०-२०’ या आकड्यांतील पहिला भाग डांबरी वापराचा आणि दुसरा कच्च्या रस्त्याचा मानला जातो. हे आकडे ज्याचे त्याने ठरवलेले असतात आणि ते मोजण्याची सर्वमान्य चाचणी नाही. एका कंपनीचा ‘५०-५०’ टायर दुसऱ्या कंपनीच्या ‘७०-३०’ टायरसारखाच वागू शकतो. म्हणून आकडा बाजूला ठेवून टायर हातात घ्यावा आणि जमिनीला टेकणारे रबर किती आहे, खाचा किती रुंद आणि खोल आहेत, मधली पट्टी सलग आहे की तुटक ठोकळ्यांची आहे, हे पाहावे. काँटिनेंटलच्या टीकेसी ८० या टायरचे सुटे, उंच ठोकळे आणि मिशलिनच्या आनाकी ॲडव्हेंचरची बरीचशी भरलेली नक्षी शेजारी ठेवून पाहिली, तर दोघांचे काम किती वेगळे आहे ते सहज लक्षात येते.

बटण टायरच्या खाचा खोल असतात, त्यामुळे तो पावसात जास्त धरून ठेवेल, असा समज फार पसरलेला आहे. तो बरोबर नाही. पाणी बाहेर काढायला त्या खाचा पुरेशाहून अधिक असतात, पण ओल्या डांबरावर पकड मिळते ती रस्त्याला टेकलेल्या रबरामुळे, आणि नेमके तेच इथे कमी असते. शिवाय उंच ठोकळा ब्रेक लावताना आणि वळणावर वाकतो. त्यामुळे गाडी किंचित तरंगल्यासारखी वाटते, रबर तापते आणि ठोकळ्याची एक कड दुसरीपेक्षा लवकर झिजते. पुढच्या टायरवर बोट मागे-पुढे फिरवले, तर ही असमान झीज करवतीच्या दातांसारखी हाताला लागते. पुढे तीच आवाजाच्या आणि हँडलच्या थरथरीच्या रूपाने जाणवू लागते.

आता आपल्या वापराकडे येऊ. दोघे जण आणि भरलेल्या पेट्या असतील, तर नक्षीच्याही आधी भारक्षमता पाहावी, असे मी आग्रहाने सांगेन. टायरच्या बाजूवर मापानंतर एक दोन आकडी संख्या आणि एक अक्षर असते, उदाहरणार्थ ‘६९ व्ही’. ६९ या भारांकाचा अर्थ असा, की योग्य हवा भरलेली असताना तो टायर ३२५ किलो भार पेलू शकतो. ६२ असेल तर २६५ किलो आणि ५९ असेल तर २४३ किलो. व्ही म्हणजे ताशी २४० किलोमीटरपर्यंतचा वेग, एच म्हणजे २१०, टी म्हणजे १९० आणि क्यू म्हणजे १६०. समजा, गाडीचे वजन २४० किलो, आपण दोघे मिळून १५० आणि सामान ४० किलो आहे. एकूण ४३० किलो झाले. मागे बसणारी व्यक्ती आणि पेट्या यांचे वजन मुख्यतः मागच्या चाकावर येते. एकूण भाराचा ६५ टक्के वाटा मागे गेला असे धरले, तर तो सुमारे २८० किलो होतो. ६९ भारांकाचा टायर हे वजन सहज उचलेल, पण ६२ भारांकाचा टायर सुरुवातीपासूनच क्षमतेबाहेर राबेल. मोटरसायकलच्या पुस्तिकेत दिलेल्या भारांकापेक्षा कमी भारांकाचा टायर, त्याची नक्षी कितीही आवडली तरी, घेऊ नये.

त्यामुळे माझे मत विक्रेत्याच्या बाजूने आहे, आणि त्याचे कारण केवळ आपण डांबरावर जास्त किलोमीटर चालवता एवढेच नाही. आपल्या प्रवासातील सर्वांत धोक्याचा क्षण कोणता, याचा विचार करावा. भरलेली गाडी उतारावर आहे, रस्ता ओला आहे आणि समोरचे वाहन अचानक थांबले आहे, हा तो क्षण. खडीच्या रस्त्यावर चुकले तर बहुधा ते कमी वेगात चुकते, आणि तिथे वेग आवरणे, गरजेप्रमाणे पाय ठेवायच्या खुंट्यांवर (फूटपेगवर) उभे राहणे, पुढचा ब्रेक हळुवार वापरणे यांनी पुष्कळ काही सांभाळता येते. ओल्या डांबरावर थांबण्याचे अंतर मात्र कौशल्याने एका मर्यादेपलीकडे कमी होत नाही. मागे बसणाऱ्या व्यक्तीने टायर निवडलेला नसतो, तरी तिचा जीवही त्यावरच विसंबून असतो. म्हणून या बाबतीत मी तडजोड सुचवणार नाही.

याला एक अपवाद आहे. चिकणमातीचा लांब पट्टा टाळता येणार नाही, हे आधीच ठाऊक असेल, तर भरलेल्या नक्षीचा टायर अपुरा पडतो. चाकाच्या काही फेऱ्यांतच खाचा मातीने लिंपल्या जातात, टायर गुळगुळीत होतो आणि पुढचे चाक काही कळायच्या आत निसटते. मागचे चाक घसरले तर अनेकदा सावरता येते, पण पुढचे घसरले तर बहुतेक वेळा गाडी आडवीच होते. अशा प्रवासापुरते बटण टायर चढवून परतल्यावर काढून ठेवणे खर्चाचे आणि कष्टाचे असले, तरी चुकीचे नाही. त्या काळात भरलेल्या पेट्यांसह महामार्गावरचा वेग मात्र आवरता घ्यावा, कारण मागे वजन आणि पुढे ठोकळ्यांचा टायर असताना गाडी जास्त वेगात डोलू लागण्याची शक्यता वाढते.

काही चालक पुढे उघड्या नक्षीचा आणि मागे रस्त्याचा टायर लावतात. पुढची पकड अधिक मोलाची, हा त्यामागचा विचार समजण्यासारखा आहे. तरीही टायर उत्पादक पुढचा आणि मागचा टायर जोडी म्हणून घडवतात आणि तपासतात, म्हणून एकाच मालिकेची जोडी घ्यावी, असे मी सुचवेन.

प्रश्न : माझ्या गाडीला मागे १५०/७० आर १७ हे माप आहे. मला हवा असलेला टायर त्या मापात मिळत नाही, १४०/८० मध्ये मिळतो. फरक थोडाच आहे, तर तो बसवावा का? चाके आऱ्यांची आहेत आणि त्यांत ट्यूब आहे. नव्या टायरवर मात्र ‘ट्यूबलेस’ असे लिहिले आहे.

उत्तर : फरक किती आहे, ते मोजून पाहू. पहिली संख्या टायरची मिलिमीटरमधील रुंदी असते आणि दुसरी त्या रुंदीच्या किती टक्के उंची आहे ते सांगते. १५० चे ७० टक्के म्हणजे १०५ मिलिमीटर आणि १४० चे ८० टक्के म्हणजे ११२ मिलिमीटर. १७ इंचांचे ४३१.८ मिलिमीटर होतात. त्यांत वरची आणि खालची अशी दुहेरी उंची मिळवली, तर जुन्या मापाचा व्यास ६४१.८ आणि नव्याचा ६५५.८ मिलिमीटर येतो. म्हणजे व्यास १४ मिलिमीटरने वाढला, घेर सुमारे ४४ मिलिमीटरने वाढला आणि गाडीची मागची बाजू ७ मिलिमीटरने उचलली गेली. टक्क्यांत हा फरक सव्वादोनच्या आत राहतो. पण एबीएस (ब्रेक लावताना चाक अडकू न देणारी) आणि ट्रॅक्शन कंट्रोल (वेग वाढवताना मागचे चाक घसरू न देणारी) ही यंत्रणा पुढच्या आणि मागच्या चाकांच्या गतीची सतत तुलना करत असते, आणि ती मूळ घेर धरून जुळवलेली असते. उंच टायर मडगार्डला किंवा स्विंगआर्मला (मागचे चाक धरणाऱ्या दांड्याला) घासतो का, हेही पाहावे लागते, आणि ठोकळे उंच असतील तर जागा आणखी कमी होते. मोटरसायकलच्या किंवा टायरच्या उत्पादकाने आपल्या मॉडेलसाठी १४०/८० ला लेखी मान्यता दिलेली असेल, तर निःशंक बसवावा. नसेल, तर मूळ मापातील दुसरा टायर शोधावा. नुसत्या नक्षीसाठी माप बदलणे मला योग्य वाटत नाही.

ट्यूबलेस टायरमध्ये ट्यूब घालण्यास टायर उत्पादकाची परवानगी असेल, तर ट्यूबच्या रिमवर तो तसा वापरता येतो. मात्र ट्यूब त्याच मापाची आणि नवीच हवी. जुनी ट्यूब वापराने ताणलेली असते आणि नव्या टायरमध्ये तिला घडी पडली, तर नेमकी त्या घडीवर ती फाटते. ट्यूब आणि टायर यांच्या घर्षणाने उष्णताही वाढते, म्हणून हवेचा दाब इथे अधिक काटेकोरपणे सांभाळावा. याच्या उलट, ज्या रिमचे आरे आतल्या पृष्ठभागातून आरपार जातात, तिच्यात ट्यूब न घालता टायर बसवू नये, कारण हवा त्या छिद्रांतून निघून जाते. काही मोटरसायकलींच्या रिमना आरे कडेला जोडलेले असतात आणि त्या आऱ्यांच्या असूनही ट्यूबलेस असतात. आपली रिम कोणत्या प्रकारची आहे, ते तिच्यावरील खुणेवरून आणि पुस्तिकेवरून कळेल.

प्रश्न : ‘नवा’ म्हणून दाखवलेला टायर दोन वर्षांपूर्वी तयार झालेला आहे. घ्यावा का?

उत्तर : बाजूवर ‘डीओटी’ या अक्षरांच्या ओळीच्या शेवटी चार अंक असतात. पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष दाखवतात. उदाहरणार्थ, २३२४ म्हणजे २०२४ सालचा तेविसावा आठवडा. थंड, कोरड्या आणि उन्हापासून दूर असलेल्या जागी ठेवलेला दोन वर्षांचा टायर घ्यायला हरकत नाही. पाच वर्षांच्या वापरानंतर दरवर्षी जाणकाराकडून तपासणी करून घ्यावी आणि निर्मितीपासून दहा वर्षांनी, नक्षी शिल्लक असली तरी, टायर बदलावा, असा सल्ला अनेक उत्पादक देतात. विकत घेताना खाचांच्या तळाशी बारीक चिरा आहेत का आणि एकावर एक रचून ठेवल्यामुळे टायरची कड दबली आहे का, हे अंगठ्याने चाचपून पाहावे. दोन्हींपैकी काहीही आढळले, तर तारीख कितीही अलीकडची असली तरी तो परत करावा.

प्रश्न : नवे टायर बसवून आणल्यावर पहिल्याच वळणावर गाडी निसटल्यासारखी वाटली. टायर सदोष असतील का?

उत्तर : बहुधा नसतील. नव्या टायरचा पृष्ठभाग गुळगुळीत असतो, तो रस्त्यावर घासून किंचित खरबरीत होईपर्यंत पूर्ण पकड मिळत नाही. पहिले दीडशे किलोमीटर जोराचे ब्रेक, झटक्याने वाढवलेला वेग आणि खोल झुकाव टाळावा, आणि कल हळूहळू वाढवत न्यावा. तरीही शंका राहिली, तर तीन गोष्टी स्वतः तपासाव्यात. टायरवरील बाण चाकाच्या फिरण्याच्या दिशेने आहे का, रिमलगतची बारीक उंचवट्याची रेघ रिमपासून सगळीकडे सारख्या अंतरावर आहे का, आणि टायर पूर्ण थंड असताना हवेचा दाब पुस्तिकेप्रमाणे आहे का. एकट्यासाठी आणि दोघांसाठीचे दाब पुस्तिकेत बहुधा वेगवेगळे दिलेले असतात. टायर बसवणाऱ्याने त्यांतला कोणता भरला, ते विचारून घ्यावे. रेघ एखाद्या ठिकाणी आत गेलेली दिसली, तर टायर रिमवर नीट बसलेला नाही. अशा वेळी गाडी चालवत न नेता हवा सोडून, कडेला टायर बसवण्याचे वंगण लावून तो पुन्हा बसवून घ्यावा आणि त्यानंतर चाकाचे संतुलनही पुन्हा तपासून घ्यावे.