क्रँक बदलायला एफडी मोडू का?

रावेरकडच्या एका केळी बागायतदार भाऊंनी विचारलंय. १९९८ ची जिप्सी किंग आहे, १२९८ सीसी, पालच्या घाटात पिकअप मिळत नाही म्हणून मेकॅनिक म्हणतोय ४ मिमी जास्त स्ट्रोकची (स्ट्रोक म्हणजे पिस्टनची वर-खाली चाल) क्रँक, म्हणजे पिस्टनच्या जोरावर फिरणारा इंजिनातला दांडा, बनवून टाकू, खर्च १ लाख ४० हजार, तर त्यासाठी दोन लाखाची एफडी मोडू का.

भाऊ, आधी हिशोब बघा. या इंजिनाचा बोर, म्हणजे सिलेंडरचा व्यास, ७४ मिमी, स्ट्रोक ७५.५, सिलेंडर चार. स्ट्रोक ४ नं वाढला की सीसी होतात साधारण १३६७, म्हणजे पाच टक्क्यांच्या जरा वर, आणि ओढ पण जवळपास तेवढीच वाढणार, मेकॅनिक काहीही सांगो. बरं नुसत्या क्रँकवर भागत नाही, ४ मधला निम्मा म्हणजे २ मिमी पिस्टन जास्त वर येतो, तो हेडला भिडू नये म्हणून पिनची जागा वर असलेले पिस्टन नाहीतर आखूड रॉड (पिस्टन आणि क्रँक जोडणारे दांडे) लागतात, खाली रॉड ब्लॉकला घासतोय का ते बघावं लागतं, मग बॅलन्सिंग. तुमच्या कोटेशनमध्ये "पिस्टन सेट वेगळा" लिहिलंय ना, बजेट तिथंच फाटणार.

शिवाय आरसीवर १२९८ सीसी आहे. आरटीओला न विचारता केलं तर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२, गाडीतल्या बदलांचं, आडवं येतं, आणि विमा कंपनीला कळवलं नसेल तर क्लेमच्या वेळी खुसपट काढायला आयतं कारण. थर्ड पार्टीचा प्रीमियम तेवढा वाढणार नाही, १००० ते १५०० सीसीचा स्लॅब एकच आहे.

एफडी मोडल्यावर अर्धा-एक टक्का दंड जातो, तो मी फार धरत नाही. पण तुम्हीच लिहिलंय की ते पैसे पुढच्या लागवडीचे आहेत, टिश्यूची रोपं, ठिबक, खत. मे-जूनच्या वादळात बाग आडवी झाली तर पीक विम्याचे पैसे हातात येईपर्यंत वहिनींचे दागिने बँकेत जातील, जिप्सीची क्रँक कोणी तारण घेत नाही. हौस करायचीच असेल तर माल विकून खर्च जाता जे उरेल त्यातून करा, मी अडवणार नाही.

आत्ता भुसावळला नाहीतर जळगावला कॉम्प्रेशन टेस्ट, म्हणजे प्रत्येक सिलेंडरमध्ये दाब किती बनतो ते, करून घ्या. रिंगा-व्हॉल्व्ह गेले असतील तर मूळ मापावरच ओव्हरहॉलिंग करा, घाटात फरक जाणवेल. आणि टायर मोठे टाकलेत का ते पण सांगा, बऱ्याच जिप्सींचा पिकअप तिथंच जातो. टेस्टचे आकडे पाठवा, तोवर एफडीला हात नको.