एकोणीस दिवस काटा हललाच नाही

मी समुपदेशक. वजन कमी करण्याच्या ऑपरेशनआधी माणसं माझ्याकडे भीती घेऊन येतात आणि ऑपरेशननंतर तिसऱ्या-चौथ्या महिन्यात हिशेब घेऊन. "वजन उतरायचं थांबलंय. माझं ऑपरेशन फेल गेलं का?" हा प्रश्न इतक्यांदा ऐकलाय की कधी कधी दार उघडताना चेहऱ्यावरच वाचता येतो. त्यातल्या एका ताईंची ही गोष्ट. त्यांच्या होकारानेच लिहिते आहे; ओळख पटेल असे तपशील बदललेत.

त्या नाशिक जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावाहून यायच्या. वय 44, घरचं किराणा दुकान, गल्ल्यावर त्याच बसायच्या. उंची पाच फूट एक इंच, वजन 104 किलो. दहा वर्षांचा मधुमेह, दिवसाला 40 युनिट इन्सुलिन, वर थायरॉइडची गोळी. त्यांची स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमी झाली होती. म्हणजे जठराचा तीन चतुर्थांशाहून जास्त भाग काढून केळ्याच्या आकाराची एक नळी तेवढी मागे ठेवलेली.

चौथ्या महिन्यात आल्या त्या लाल कापडी पुठ्ठ्याची वही घेऊन. दुकानात उधारी मांडायला असते तसली. रोजच्या तीन नोंदी: सकाळ, दुपार, रात्र. पोती तोलायच्या काट्यावर उभं राहून घेतलेल्या, पन्नास ग्रॅमपर्यंत चोख. वजन चढलं की 'जमा', उतरलं की 'नावे'. शेवटचे एकोणीस दिवस आकडा 88.4 आणि 89.1 यांच्यामध्येच घुटमळत होता. एका रात्रीच्या '700 ग्रॅम जमा'ला लाल पेनाने दोनदा गोल केला होता.

इथे मी चूक केली. नेहमीची कॅसेट लावली. धीर धरा, शरीराला वेळ द्या, वगैरे. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, वही मिटली आणि म्हणाल्या, "मॅडम, साडेतीन लाख लागलेत. जाऊबाई रोज विचारतात, आज किती उतरलं? त्यांना सांगू का, धीर धरा म्हणून?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. मग मी म्हटलं, वही उघडा, आपण हिशेबच करू.

आधी कळलं की त्यांची खरी स्पर्धा कुणाशी चाललीय. त्याच दिवशी ऑपरेशन झालेला एक तरुण पेशंटांच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर दर रविवारी आपलं वजन टाकायचा. चार महिन्यांत 34 किलो. ताईंचे साडेपंधराही पुरे नाहीत. मी म्हटलं, टक्के काढा. ते त्यांना माझ्यापेक्षा लवकर जमतं. तो सुरुवातीला 158 किलोचा. म्हणजे साडेएकवीस टक्के. यांचे जेमतेम पंधरा.

"म्हणजे मी मागेच की!"

हो, मागेच. ते मी नाकारलं नाही. दुपटीहून जास्त वाटणारा फरक दीडपटीवर आला, एवढंच. तो 31 वर्षांचा पुरुष, साखर नाही, अंगात स्नायू जास्त. नुसता बसून राहिला तरी त्याचं शरीर यांच्यापेक्षा जास्त जाळतं. यांचं वय, वर्षानुवर्षांचं इन्सुलिन, थायरॉइड, सगळं वेग कमी करणारं. दोघांची गाडी एकाच दिवशी सुटली खरी, पण एकाला सपाट रस्ता आणि दुसऱ्याला कसाऱ्याचा घाट.

मग वहीतलेच महिने एकाखाली एक मांडले. पहिल्या महिन्यात आठ किलो, दुसऱ्यात साडेतीन, तिसऱ्यात पावणेतीनच्या आसपास, चौथ्यात सव्वा. त्यांना ही उतरंड म्हणजे दुकान बसत चालल्याची खूण वाटत होती. पण पहिल्या महिन्यातले ते आठ किलो काही निव्वळ चरबीचे नव्हते. शरीर यकृतात आणि स्नायूंत साखरेचा साठा ठेवतं, ग्लायकोजेनच्या रूपात, आणि त्याच्या एका ग्रॅममागे साधारण तीन ग्रॅम पाणी धरून ठेवतं. खाणं एकदम तुटलं की हा साठा आधी रिकामा होतो आणि पाणी निघून जातं. आकडा धाडकन खाली येतो, आपण खूश. खरी चरबी त्यानंतर उतरते, आणि ती हळूच उतरते. शिवाय अंग हलकं झालं की ते चालवायला ऊर्जाही कमी लागते. मधे मधे काटा अडणं हे जवळपास प्रत्येकाचं होतं. अनेकांचं तर तिसऱ्या आठवड्यातच. स्लीव्हनंतर वजन वर्ष-दीड वर्ष उतरत राहू शकतं.

आणि ते लाल गोलातले 700 ग्रॅम? त्या संध्याकाळी किती पाणी प्यायलात, विचारलं. "दोन-तीन ग्लास असेल." मी काही बोलले नाही. दिवसभर तोलणाऱ्या बाईला पाण्याचं वजन मी काय सांगणार? त्या स्वतःच हसल्या.

सगळंच काही निसर्गावर ढकलण्यासारखं नव्हतं मात्र. काटा अडला म्हणून ताईंनी रात्रीचं जेवण बंद केलं होतं. दिवसाला निदान 60 ग्रॅम प्रथिनं हवीत, पोटात जात होती त्याच्या निम्मी. अशा वेळी शरीर स्नायू मोडून खातं, आणि स्नायू गेले की जाळण्याची ताकदही जाते. गल्ल्यावर पाच वेळा चहा, साखरेचा, सोबत अर्धी खारी. "तेवढंच पोटात टिकतं हो." टिकतं कसलं, ते नळीतून सरसर खाली जातं आणि पोट भरल्याची जाणीवही होऊ देत नाही. आहारतज्ज्ञांनी रात्रीचं जेवण परत सुरू करून दिलं: मुगाचं धिरडं, पनीर, उकडलेलं अंडं, दही. आधी प्रथिनांचा घास, मग बाकीचं. जेवणानंतर अर्धा तास पाणी नाही. चहा दोनवर आला, तोही बिनसाखरेचा. पहिले आठ दिवस त्यांनी मला मनातून शिव्या घातल्या असणार.

शेवटी मी वहीत आणखी एक रकाना आखायला सांगितला: वजन सोडून काय बदललं. काय लिहू, म्हणत त्यांनी हात पुढे केला. हिरव्या बांगड्या. "ह्या दोन-आठच्या आहेत. आधी दोन-दहाच्या साबण लावून चढायच्या. कासाराने परवा आपणहूनच माप कमी केलं." परवा म्हणजे कधी, ते मोजलं. त्या एकोणीस दिवसांतच. आणि इन्सुलिन? ते दुसऱ्या महिन्यातच बंद झालं होतं, आता नुसती गोळी. मग ते वहीत का नाही?

"ती औषधाची गोष्ट झाली, वजनाची थोडीच?"

पुढच्या वेळी यजमानांना सोबत बोलावलं. पैशांचा विषय मीच काढला. ते गोंधळलेच. "मी एका शब्दाने बोललो नाही हिला. दुकानाचा नफा-तोटाही आम्ही पाडव्याला बघतो, रोज कुठे बघतो?" जाऊबाईंसाठी एक वाक्य ठरलं, एक तारखेला सांगेन, मधे विचारायचं नाही. काट्यावर उभं राहायचं फक्त सोमवारी सकाळी, उपाशीपोटी. इतर दिवशी मोह होऊ नये म्हणून यजमानांनी काट्यावर साखरेचं पोतं ठेवून दिलं. माझ्या सगळ्या समुपदेशनापेक्षा ते पोतं जास्त कामाला आलं असं मला वाटतं.

हे वाचून कुणी स्वतःला समजावू लागेल म्हणून सांगते. सलग दोन-तीन महिने काटा हलत नसेल, किंवा वजन परत चढायला लागलं असेल, तर सर्जनना दाखवा. सारख्या उलट्या होणं, पाणीही न टिकणं, हातापायांना मुंग्या येणं यात तर एक दिवसही वाट पाहू नका. बी-12, लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व या गोळ्या आयुष्यभराच्या आहेत. वजन उतरलं म्हणून सुटत नाहीत. केस तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात गळतात, ताईंचेही गळले, बऱ्यापैकी परत आले.

पाचव्या महिन्यात 86.1. आठव्यात 80.4. नवव्यात पुन्हा पंधरा दिवस अडलं, तेव्हा फोन आला, पण ओरडा नव्हता, "अडलंय, कळवून ठेवते" एवढंच. वर्षाला 76.5. साठ किलो कधी होईल, हे त्यांनी तेव्हाही विचारलं. बहुतेक होणार नाही, असं मी सांगितलं. थोडा वेळ गप्प बसल्या.

त्यानंतरच्या भेटीत वही मी मागितली. वजनाच्या रकान्यात सलग तीन सोमवार कोरे होते.

"लगीनसराई होती मॅडम. पोती हलवण्यातच दिवस जायचा. काट्यावर चढायला वेळ कुणाला होता?"