तांदळाच्या डब्यातला फोन

फोन तांदळाच्या डब्यात सापडला तेव्हा त्यावर अकरा मिस्ड कॉल होते. अडीच वर्षांच्या लेकाने तो खोल रोवून वरचे तांदूळ हाताने सारखे केले होते. पुण्यातल्या वाकडचा टू बीएचके बघायला आलेलं गिऱ्हाईक गेटवर ताटकळून दुसऱ्या एजंटबरोबर निघून गेलं होतं. रेवाने मुलाच्या पाठीत धपाटा घातला. आयुष्यात पहिल्यांदाच. रात्री तो झोपेत दोनदा दचकला आणि दुसऱ्या दिवशी तिने समुपदेशनासाठी माझी वेळ मागितली. (नाव आणि ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत, तिच्या परवानगीने लिहिते आहे.)

तिचा प्रश्न मी हल्ली वरचेवर ऐकते. "मूल लहान आहे म्हणून अर्धवेळ काम धरलं. पण ना धड आई होता येतंय, ना धड एजंट. सोडून देऊ का, ताई?"

बाळंतपणाची रजा संपल्यावर तिने नोकरी सोडली होती. सोसायटीतल्या एका काकूंच्या फ्लॅटला भाडेकरू मिळवून दिला, एका महिन्याचं भाडं दलाली म्हणून हातात आलं आणि तिला वाटलं, हे जमेल. हिंजवडीच्या आयटीवाल्यांमुळे वाकडला भाडेकरूंची ये-जा कायमची. ११ महिन्यांचे करार संपतात, नवे होतात. घर दाखवायला तास-दीड तास पुरतो, तेवढ्या वेळ सासूबाई बाळाकडे बघायच्या. फोन मात्र दिवसभर. बॅचलर चालतील का, पार्किंग कव्हर्ड आहे का, डिपॉझिट कमी होईल का.

मी तिला पंधरा दिवस एका वहीत दोनच गोष्टी लिहायला सांगितल्या: फोन कधी आला आणि त्यातून पुढे काय झालं. वही घेऊन आली तेव्हा ती स्वतःच गप्प होती. संध्याकाळी साडेसहा ते साडेआठ, म्हणजे बाळाची आंघोळ, वरणभात आणि झोपेची वेळ, या दोन तासांत सगळ्यात जास्त फोन होते. त्यातला एकही असा नव्हता, की जो साडेआठनंतर केला असता तर काही बिघडलं असतं. आणि दिवसभरात ती मुलाजवळ नव्हती असा वेळ जेमतेम दोन तासांचा होता.

म्हणजे वेळ कमी पडत नव्हता. वेळाच्या चिंध्या होत होत्या. एडवर्ड ट्रॉनिक या मानसशास्त्रज्ञाने १९७०च्या दशकात तान्ह्या बाळांवर एक प्रयोग केला. आई समोरच बसलेली, पण चेहरा निर्विकार ठेवून, बाळाला काहीच प्रतिसाद द्यायचा नाही. बाळ आधी हसून, हातवारे करून तिला बोलवायचं, मग कासावीस व्हायचं. रेवाचा मुलगा तान्हा नाही, पण घास हातात धरून "हो सर, बोला ना सर" म्हणणारी आई त्यालाही तशीच दिसत असणार, असं मला वाटतं. आई बाहेर गेली की तो टाटा करायचा. घरात असूनही ती नसायची, तेव्हा त्याने फोन पुरला.

त्या धपाट्याबद्दलही आम्ही बोललो. मुलाला जवळ घेऊन "आईचं चुकलं, मारायला नको होतं" एवढं तिने म्हणावं, असं मी सुचवलं. तिने ते त्याच संध्याकाळी केलं.

रविवारचा गुंता वेगळा. नोकरदार गिऱ्हाइकांना घरं बघायला शनिवार-रविवारच मिळतो, हे या धंद्यातलं सगळ्यांना माहीत आहे. "पार्ट-टाइम आहे ना, मग रविवारी कशाला?" हा नवऱ्याचा प्रश्न. त्यालाही एकदा बोलावलं. माणूस चांगला आहे, पण मूल त्याच्याकडे सोपवलं की तासात चार फोन: खिचडी कुठली, डायपर कुठे, रडतोय काय करू. मी रेवाला सांगितलं, रविवारी दहा ते एक तू त्याचे फोन उचलायचे नाहीस. पहिले दोन रविवार वाईट गेले. तिसऱ्या रविवारी ती परतली तेव्हा बापलेक दोघेही जमिनीवरच झोपले होते, खिचडी गालाला लागलेली.

मधेच शेजारच्या एजंटने तिला एका बिल्डरचे नवे फ्लॅट विकायला बोलावलं, "नोंदणीचा नंबर माझा वापर" म्हणून. मी कायद्याची माणूस नाही, तरी इथे मी तिला थांबवलं. रेरा म्हणजे घरखरेदीच्या व्यवहारांवर नियंत्रण ठेवणारा कायदा. त्याखाली नोंदलेल्या प्रकल्पात घर विकायचं तर एजंटचीही स्वतःची नोंदणी लागते. ती नसेल तर रोज १०,००० रुपये दंड, विकलेल्या घराच्या किमतीच्या ५ टक्क्यांपर्यंत. २०२३ पासून महारेराने, म्हणजे या कायद्याच्या महाराष्ट्रातल्या प्राधिकरणाने, त्यासाठी २० तासांचं प्रशिक्षण आणि परीक्षाही सक्तीची केली आहे. तिने दुपारी, मूल झोपल्यावर अभ्यास केला आणि पास झाली. इतके दिवस "दलाली" हा शब्द नाक मुरडून उच्चारणाऱ्या सासूबाई शेजारणींना सांगत होत्या, "हळू बोला गं, आमच्या सुनेची परीक्षा आहे."

मी प्रत्येकीला हे काम कर म्हणत नाही. दलाली एखाद्या महिन्यात दोनदा येते, मग तीन महिने येत नाही. घराचा हप्ता त्या पैशावर असेल आणि गाठीला सहा महिन्यांचा खर्च नसेल, तर पगाराची अर्धवेळ नोकरी शोधा, असं मी स्पष्ट सांगते. पैशाची धास्ती असलेली आई साडेसहाला फोन ठेवूच शकत नाही, आणि त्यात तिचा दोष नसतो.

रेवाचा फोन आता संध्याकाळी दारामागच्या खुंटीला, कापडी पिशवीत असतो. पिशवी मुलाने निवडली, हत्तीचं चित्र असलेली. मागच्या महिन्यात एका टोकनचा, म्हणजे घर पक्कं करायच्या आगाऊ रकमेचा, फोन सात वाजता येणार होता, तेव्हा तिने त्याला दुपारीच सांगून ठेवलं: आज एक फोन घ्यायचाय, मग परत पिशवीत. फोन वाजला तसा तो स्वतःच स्टूल ओढत दाराकडे गेला. तिचं बोलणं होईपर्यंत पिशवीचं तोंड दोन्ही हातांनी उघडं धरून उभा राहिला.